मलबार हिलच्या बागा: आई आणि मुलांसोबत जाण्यासाठी सल्ला हवा

प्रश्न (अमळनेर):
दिवाळीच्या सुटीत आई आणि दोन मुलांसह मुंबईला जाणार आहोत. मुलांना कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट (आत चढता येणारे बुटाच्या आकाराचे घर) पाहायचा आहे आणि आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. हँगिंग गार्डन आणि कमला नेहरू उद्यान एकाच संध्याकाळी होईल का? बुटापलीकडे तेथे काही आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (जळगाव):
ताई, दोन्ही बागा रस्त्याच्या अल्याड-पल्याड आहेत, त्यामुळे एक संध्याकाळ पुरेशी आहे. ग्रँट रोड किंवा चर्नी रोडला उतरून सरळ टॅक्सी करावी. टेकडीचा चढ आईंना चालायला लावू नये.

हँगिंग गार्डनचे अधिकृत नाव फिरोजशहा मेहता उद्यान. नावामुळे लोक लटकती झाडे शोधतात आणि निराश होतात. खरी गंमत पायाखाली आहे: 1881 च्या सुमाराची ही बाग दक्षिण मुंबईला पाणी पुरवणाऱ्या मलबार हिल जलाशयाच्या छतावर वसवलेली आहे, आणि म्हणूनच तिची देखभाल महापालिकेचे जल अभियंता खाते करते. 2023 मध्ये जलाशयाच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव आला, तेव्हा झाडे आणि बाग जाणार म्हणून रहिवाशांनी मोठा विरोध केला होता. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला त्या हिरवळीवर उभे राहून काय वाटते, ते मी वेगळे लिहीत नाही. झुडपे कातरून केलेले प्राणी मुलांना आवडतात. आईंनी तोवर बाकावर बसून सूर्यास्त पाहावा.

कमला नेहरू उद्यान 1952 चे. चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची कमान तेथूनच दिसते, म्हणून दिवे लागण्याच्या वेळी तेथे असावे. बुटात आम्हा मोठ्यांना सोडले नाही. माझा भाचा वरच्या खिडकीतून हात हलवत होता आणि मी खाली त्याच्या चपला धरून उभा होतो.

उत्तर (भुसावळ):
एक भर घालतो. मार्च 2025 मध्ये याच परिसरात झाडांमधून जाणारा 485 मीटरचा लाकडी उन्नत मार्ग सुरू झाला आहे. भारतीयांना तिकीट 25 रुपये असून वेळ ऑनलाइन आरक्षित करावी लागते. सुटीत ऐनवेळी जागा मिळेलच असे नाही. सकाळची वेळ मिळाली, तर पक्षीही दिसतात. आईंना तेवढे चालवणार नसेल, तर मुलांसोबत एकाने जावे.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. सकाळी मुले आणि मी उन्नत मार्गावर, संध्याकाळी आईसह बागा, असे ठरवते.