मदत हवी आहे: रोबोटिक प्रोस्टेट शस्त्रक्रियेनंतर पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींमधून रक्तात येणारं प्रथिन) वाढलाय
नमस्कार मंडळी. बाबांची प्रोस्टेट ग्रंथी कॅन्सरमुळे रोबोटिक शस्त्रक्रियेने काढली. ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा) ४+३ होता, आणि काढलेल्या भागाच्या कडेला एके ठिकाणी कॅन्सरच्या पेशी सापडल्या होत्या. पीएसए बरीच वर्षं ०.१ च्या खाली राहिला, आता ०.२१ आलाय. ०.२ किंवा त्याहून जास्त सलग दोनदा आला तर आजार परतला असं धरतात, म्हणून त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासणार आहोत. डॉक्टर म्हणतात, आकडा कमी असतानाच रेडिएशन दिलेलं बरं. बाबांना मात्र लघवीवरचा ताबा पुन्हा जाईल याचीच धास्ती. पॅड सुटायला फार वेळ लागला होता. इथे कुणी याच टप्प्यावर रेडिएशन घेतलंय का? नंतर पीएसए किती वर्षं खाली राहिला? ताबा टिकला का? कृपया सविस्तर लिहा, बाबांना वाचून दाखवणार आहे.