मदत हवी आहे: अध्ययन अक्षमतेबद्दल शिक्षकांसाठी प्रशिक्षण

नमस्कार मंडळी, सोलापुरात पूर्व भागात तिसरीला शिकवते. वर्गातला एक मुलगा तोंडी गणितं झटक्यात सोडवतो, पण फळ्यावरचं उतरवताना ‘ब’चा ‘व’ करतो, मधली ओळच गाळतो. घरी तेलुगू, म्हणून आधी भाषेचं कारण वाटलं. पण तेलुगू घरातली बाकीची पोरं नीट लिहितात की! म्हणून आता अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचता-लिहिताना किंवा गणितात येणारी अडचण) शंका येते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता येते, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचंही त्यात आहे. आम्हाला मिळालं ते दोन दिवसांचं, नुसत्या स्लाइड्स. प्रत्यक्ष वर्गात काय करायचं हे शिकवणारं, मराठीतून, सुट्टीत जमेल असं प्रशिक्षण कुणी केलंय का? आणि पालकांशी तपासणीचा विषय कसा काढलात? मी काढला तर ‘माझं पोरगं येडं नाय बाई’ म्हणून आई रडायलाच लागली.