स्वस्तातला कॉम्पॅक्ट कॅमेरा हातात घेतल्यावर काय काय तपासायचं?

प्रश्न:
सहली आणि घरातले समारंभ एवढ्यापुरता खिशात मावणारा कॅमेरा हवा आहे. एक नवा, २० मेगापिक्सेल, ८ पट ऑप्टिकल झूम. दुसरा वापरलेला, १२ मेगापिक्सेल, ५ पट झूम. सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) दोन्हीचा १/२.३ इंची. दहा मिनिटं हाताळायला मिळतील. नेमकं काय बघू?

प्रतिसाद १:
मेगापिक्सेल डोक्यातून काढून टाका. ४ बाय ६ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम २.२ मेगापिक्सेल लागतात. आणि हा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिमीचा, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान; त्यात जास्त मेगापिक्सेल कोंबून फारसा फायदा नाही.

लेन्सवर छापलेले आकडे मात्र नीट वाचा. पहिला आकडा झूम नसतानाचा, दुसरा पूर्ण झूमचा; आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. ३.२-६.४ असेल, तर पूर्ण झूमला प्रकाश चौथा हिस्साच येतो. मग आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चौपट चढतो, नाहीतर फोटो हलतो. खोलीत दिवे लावा, फ्लॅश बंद करा आणि विणलेल्या कापडाचे आयएसओ ४००, ८००, १६०० वर फोटो काढा. स्क्रीनवर मोठं करून धागे बघा. ८००लाच वीण पुसली जाऊन मेण फासल्यासारखं दिसत असेल, तर समारंभाला तो कॅमेरा उपयोगाचा नाही.

ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन हवंच. पण ते आपला हात सावरतं, पळणारं मूल नाही. त्याला १/२५० सेकंदाच्या आसपास शटर लागतं.

प्रतिसाद २:
वापरलेल्यात आधी लेन्सची नळी. पाच-सहा वेळा चालू-बंद करा. करकर आवाज आला किंवा नळी अडखळली, तर आत वाळू गेली असण्याची शक्यता मोठी. पुढे ती अर्ध्यात अडकते, आणि दुरुस्तीचा खर्च सहसा परवडत नाही.

मग पूर्ण झूम करून पांढऱ्या भिंतीचे दोन-तीन फोटो. करडा ठिपका दर वेळी त्याच जागी दिसला तर सेन्सरवर धूळ आहे. नळी आत-बाहेर होताना हवेबरोबर ती आत जाते, आणि कॅमेरा उघडल्याशिवाय निघत नाही.

वर्तमानपत्र भिंतीवर सपाट चिकटवून अगदी समोरून टिपा. चारही कोपरे सारखेच किंचित मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा धूसर असेल तर लेन्स तिरकी बसली आहे, घेऊ नका.

बॅटरी खणातून सहज सरकली नाही तर ती फुगलेली समजा. कार्डाचंही बघा: खणाजवळ एसडीएचसी लिहिलं असेल तर ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड घ्या.

प्रश्नकर्ता:
झूम ५ पटच आहे. कमी पडला तर डिजिटल झूम वापरावा का?

प्रतिसाद १:
नको, मेनूतून बंदच करा. तो फक्त मधला भाग कापून ताणतो, ते नंतर संगणकावरही करता येतं. लेन्सवरचा टेलीचा, म्हणजे पूर्ण झूमचा, आकडा लहान असेल आणि नळी ठीक असेल, तर मी वापरलेलाच घेईन. फक्त बटण अर्धं दाबून बघा: मंद उजेडात फोकसची चौकट सेकंदाभरात हिरवी व्हायला हवी.