टाइप करताना मध्येच दुसरी विंडो पुढं येते, अक्षरं तिकडं जातात (एक्सएफसीई)

खानापूर टायपिंग
नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात तालुका कचेरीजवळ माझं अर्ज टायपिंगचं दुकान आहे. मशीन जुनं, रॅम २ जीबी, म्हणून लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घातलीय.

आमच्याकडं माणूस मराठीत सांगतो आणि अर्ज कन्नडमध्ये द्यायचा असतो. त्यामुळं रायटरच्या (मजकूर लिहायच्या प्रोग्रामच्या) दोन विंडो दिवसभर उघड्या. डावीकडं मराठी कच्चा मजकूर, उजवीकडं कन्नड अर्ज. सर्व्हे नंबर बघायला पहाणी उताऱ्याची (जमिनीच्या नोंदीच्या कागदाची) पीडीएफ पण लागते.

ही पीडीएफ डाउनलोड होऊन उघडली की कीबोर्ड तिच्या ताब्यात जातो. माझी नजर कागदावर असते, कळतच नाही. परवा नंदगडच्या एका आजींचं आडनाव पाटील, त्यातला ‘पा’ अर्जात राहिला आणि ‘टील’ गेला पीडीएफकडं. वाचून न दाखवता मी प्रिंट दिली, आजी अंगठा उठवून गेल्या. नाव चुकलं म्हणून अर्ज परत आला. बायकांना बस फुकट आहे, पण त्यांचा दिवस गेला तो गेलाच. मला फार लागलं ते.

दुसरी अडचण भाषेची. मी दोन्हीकडं इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी वापरते. प, ट, क दोन्ही भाषांत त्याच बटणावर, ळ सुद्धा शिफ्ट धरून एनवर. विंडो बदलली आणि भाषा बदलायची राहिली तर बोटांना काहीच वेगळं लागत नाही. मान वर करावी तर मराठी मजकुरात अर्धी ओळ कन्नड लिपीत! पॅनेलवरच्या कीबोर्ड लेआउटमध्ये ‘पर ॲप्लिकेशन’ करून बघितलं, फरक नाही. काय करू?

निपाणीकर
ताई, सेटिंग्जमधल्या विंडो मॅनेजरात फोकसचा, म्हणजे कीबोर्ड कुठल्या विंडोला मिळायचा त्याचा, टॅब आहे. तिथं ‘क्लिक टू फोकस’च्या जागी ‘फोकस फॉलोज माउस’ करा. बाण ज्या विंडोवर, कीबोर्ड तिथं. मी तंबाखूच्या वखारीचा हिशेब असाच लिहितो, दोन फायली शेजारी ठेवून.

खानापूर टायपिंग
दादा, करून बघितलं. माझं टेबल म्हणजेच काउंटर. समोरचा माणूस आधार कार्ड ठेवतो, माउसला धक्का लागतो, आणि बाण शेजारच्या विंडोवर. सकाळी अकरापर्यंतच तीनदा झालं. परत क्लिकवर आणलंय.

टिळकवाडी
काउंटरवर ते चालायचं नाही. तुम्हाला हवंय ते दुसऱ्या जागी आहे: सेटिंग्जमध्ये ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’ उघडा, फोकस टॅब, ‘ॲक्टिव्हेट फोकस स्टीलिंग प्रिव्हेन्शन’वर टिक करा. त्याच टॅबमध्ये विंडो आपणहून वर येऊ बघते तेव्हा काय करायचं, ते ‘डू नथिंग’ ठेवा.

यात होतं काय, ते समजून घ्या. उघडणाऱ्या विंडोसोबत तिच्यासाठी तुम्ही शेवटचं बटण किंवा क्लिक कधी केलं ती वेळ येते. विंडो मॅनेजर ती वेळ तुमच्या चालू टायपिंगशी ताडून बघतो. टायपिंग त्यानंतरचं असेल तर नव्या विंडोला कीबोर्ड मिळत नाही, नुसतं पॅनेलवर तिचं बटण लक्ष वेधतं. तुम्ही स्वतः क्लिक करून उघडलेली विंडो मात्र नेहमीसारखी पुढं येते.

साध्या विंडो मॅनेजरात ‘नव्या विंडोला आपोआप फोकस द्या’ अशा अर्थाची एक टिक आहे. ती काढू नका, नाहीतर प्रत्येक नव्या विंडोत आधी क्लिक करत बसावं लागेल.

भाषेचं म्हणाल तर तुमच्या दोन्ही विंडो रायटरच्याच आहेत. ॲप्लिकेशन एकच, म्हणून भाषाही एकच. कीबोर्ड लेआउटमध्ये ‘पर विंडो’ निवडा की. मराठी विंडो मराठीच राहील, कन्नड कन्नडच. पीडीएफ लहान करून ऑल्ट-स्पेस दाबा, मेन्यूतनं ‘ऑलवेज ऑन टॉप’ करा. म्हणजे सर्व्हे नंबर डोळ्यांसमोर राहतो आणि टायपिंग खाली चालतं.

खानापूर टायपिंग
झालं! मुद्दाम उतारा डाउनलोडला लावला आणि ‘पाटील’ टाइप करत राहिले. पॅनेलवर बटण चमकलं, पाचही बटणांची अक्षरं अर्जातच उतरली. डाव्या-उजव्या विंडोची भाषा पण आपापली राहते. फक्त पीडीएफ बंद करून दुसरी उघडली की ‘ऑलवेज ऑन टॉप’ परत करावं लागतं.

चिकोडी
मी ओपनबॉक्स या दुसऱ्या विंडो मॅनेजरवर आहे. तिथं आरसी डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलीत त्या प्रोग्रामच्या नावानं लेयर ‘अबव्ह’ आणि फोकस ‘नो’ लिहून ठेवलं की कायमचं होतं. तुमच्या एक्सएफसीईत ही सोय नाही, त्यासाठी ‘डेव्हिलस्पाय २’ हा विंडोंना नियम लावणारा प्रोग्राम घाला. टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप ही विंडोची माहिती दाखवणारी आज्ञा चालवून पीडीएफच्या विंडोवर क्लिक करा, क्लासच्या ओळीत दोन नावं दिसतील. ती इथं टाका, त्या प्रोग्रामसाठी लुआ भाषेतल्या तीन ओळी लिहून देतो.

खानापूर टायपिंग
उद्या दुकान उघडल्यावर टाकते. आजींना निरोप धाडलाय, नवा अर्ज तयार आहे म्हणून. या वेळी अंगठा घ्यायच्या आधी वाचून दाखवणार.