मदत हवी आहे: मिशनरी मुलांना जेवायला काय करू?

नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडात प्रेस्टनला राहतो, इथे अमेरिकेतून पहिले मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) मिशनरी १८३७ मध्ये आले होते आणि अजूनही येतात. छातीवर ‘एल्डर’ (या मिशनरी मुलांना लावतात ती पदवी) असा बिल्ला, कायम जोडीनं. त्यातली दोघं गेला आठवडाभर बाबांच्या बागेत खपली, पैसे अजिबात घेतले नाहीत. एक जेमतेम १९ वर्षांचा, घर सोडून दोन वर्षांसाठी आलाय, आठवड्यातून एकदा आईशी व्हिडिओवर बोलतो म्हणाला, मला भरूनच आलं. शनिवारी जेवायला बोलावलंय. चहा-कॉफी त्यांच्या धर्मात चालत नाही, मग कोकम सरबत देऊ की मसाला दूध? आणि कमी तिखटाचं, पोटभरीचं काय करू? प्लीज लवकर सांगा, दोन दिवसच उरलेत.