मदत हवी आहे: कॉल रेकॉर्डसाठी स्वतंत्र मंजुरी असली, तरी चूक पकडतं कोण?

नमस्कार मंडळी,

पोलिसांना कुणाचा सीडीआर (कॉलचा तपशील), टॉवर लोकेशन किंवा आयपी अ‍ॅड्रेसमागचा (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकामागचा) ग्राहक कंपनीकडून हवा असेल, तर मंजुरी कुणी द्यायची यावर टिपण लिहायला घेतलंय आणि एका जागी अडलोय. बोलणं ऐकणं हा वेगळा विषय. इथे फक्त कोण, कुणाशी, कधी, कुठून. (एवढ्यावरून माणसाचं सगळं गणगोत कळतं, तरी याला 'किरकोळ' माहिती का समजतात देव जाणे.)

युरोपीय संघाच्या न्यायालयाचं म्हणणं कळलं. एस्टोनियाच्या प्रकरणात (मार्च 2021) त्यांनी ठरवलं की जो सरकारी वकील तपास चालवतो आणि पुढे खटलाही भरू शकतो, त्याची मंजुरी स्वतंत्र नाही. एप्रिल 2022 मध्ये आयर्लंडच्या पोलीस अधिकाऱ्याची सहीही बाद ठरली. ब्रिटनमध्ये 2014 साली लंडन पोलिसांनी 'द सन'च्या राजकीय संपादकाचे फोन रेकॉर्ड न्यायाधीशाकडे न जाताच काढल्याचं उघड झालं, मोठा गदारोळ झाला. आता 2016 च्या तपास अधिकार कायद्याखाली बहुतेक अर्ज पोलीस खात्याबाहेरच्या कार्यालयात जातात.

इथवर ठीक. पण मंजुरी देणाऱ्यापुढे कागद असतो तो पोलिसांचाच. समजा, आयपी अ‍ॅड्रेस थोड्या थोड्या वेळाने वेगळ्या ग्राहकाकडे जातोय. अर्जातली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) की स्थानिक, यात गफलत झाली, तर तासाभराच्या फरकाने दुसऱ्याच घराचा पत्ता हाती येतो. अर्ज नियमात, मंजुरी नियमात आणि पोलीस भलत्याच दारात! अशा चुका ब्रिटनच्या तपासणी अहवालांत नोंदल्या आहेत.

मग ही चूक धरायची कुणी? ज्याचा डेटा काढला त्याला कळवायची सक्ती कुठे आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
त्याच युरोपीय न्यायालयाचा डिसेंबर 2016 चा टेलि2-वॉटसन निकाल वाचा. तपासाला धक्का लागण्याची भीती संपली की संबंधित व्यक्तीला कळवलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. माझ्या मते आधीच्या मंजुरीपेक्षा हेच जास्त मोलाचं, कारण त्याशिवाय दाद मागणार कोण? ब्रिटनच्या त्याच 2016 च्या कायद्यात कलम 231 बघा. चूक गंभीर असेल आणि कळवणं जनहिताचं असेल, तर या अधिकारांवर देखरेख ठेवणाऱ्या आयुक्ताने त्या माणसाला कळवायचं आणि अशा तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात जाण्याचा हक्क आहे हेही सांगायचं.

धागाकर्ता:
आभार! कलम आत्ताच वाचलं. पण 'गंभीर' म्हणजे त्या माणसाचं मोठं नुकसान झालेलं असावं लागतं. मानवी हक्कांचा भंग झाला एवढंच पुरत नाही. आणि तसं नुकसान झालंय का, हे ठरवणार आयुक्तच, त्या माणसाला न विचारता. की यावर आक्षेप घ्यायची काही सोय आहे? कुणी एखादं प्रकरण सुचवू शकेल का?