चार दिवस वीज नाही: सोनी ए६०००साठी जादा बॅटऱ्या ओरिजिनल घ्याव्यात की साध्या?

मंडळी, जरा मदत हवी आहे.

माझ्याकडे सोनी ए६००० कॅमेरा आहे, सेकंडहँड घेतलेला. फोटो बहुतेक पक्ष्यांचेच. पुढच्या महिन्यात चार दिवस अशा ठिकाणी जातोय जिथे वीज नाही आणि पहाटे कडाक्याची थंडी असते. सध्या दोन बॅटऱ्या आहेत. एक ओरिजिनल एनपी-एफडब्ल्यू५०, १०२० एमएएचची. दुसरी भलत्याच कुणाची तरी, तिच्यावर १५०० छापलंय. ही १५००वाली ४० टक्के दाखवता दाखवता एकदम मान टाकते. तिची जुळी बहीण तर फुगून कॅमेऱ्यातच अडकली होती. कॅमेरा उलटा धरून तळहातावर आपटत बसलो, तेव्हा कुठे निघाली.

कंपनी सांगते, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) वापरला तर ३१० फोटो, स्क्रीन वापरली तर ३६०. मला दोनशेही जेमतेम मिळतात. दोन ओरिजिनल घेऊ की तेवढ्याच पैशात चार-पाच साध्या? शिवाय १०,००० एमएएचची पॉवर बँक आहे. १०,००० भागिले १०२०, म्हणजे नऊ-दहा वेळा चार्ज होईल. हिशोब बरोबर आहे ना?

प्रतिसाद १

हिशोबात व्होल्टेज राहिलं. पॉवर बँकेचे १०,००० हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे, म्हणजे ३७ वॉट-अवर. तुमची बॅटरी ७.२ व्होल्टची, म्हणजे ७.३ वॉट-अवर. इथेच दहाचे पाच झाले. वर रूपांतरात जाणारी वीज धरा. तीनदा चार्ज झाली तरी खूश राहा. आणि ए६०००मध्ये केबल लावून चार्ज करायचं तर कॅमेरा बंद ठेवावा लागतो, पाचेक तास जातात. रात्रीचं काम आहे ते. बाहेरचा यूएसबी चार्जर घेतलात तर कॅमेरा मोकळा राहील.

प्रतिसाद २

बॅटऱ्यांआधी ते दोनशेचं बघा. ३१० हा आकडा सिपा या जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या चाचणीतला. दर ३० सेकंदांनी एक फोटो, एकाआड एकाला फ्लॅश, दहा फोटो झाले की कॅमेरा बंद. पक्ष्यांचे फोटो काढणारा असं कधी करतो का? आपण फांदीवर नजर लावून वीस मिनिटं कॅमेरा चालू ठेवतो आणि शेवटी सहा फोटो काढतो. तुमच्यासारख्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात सेन्सर आणि स्क्रीन सतत जागे असतात, त्यामुळे बॅटरी क्लिकवर कमी आणि वेळेवर जास्त जाते. माझ्या डीएसएलआरमध्ये आरशातून फुकट बघता येतं, म्हणून मी या बाबतीत सुखी. (बाकी वजन उचलताना नाही!)

मेनूत प्री-एएफ बंद करा. ते चालू असेल तर तुम्ही बटण न दाबताही लेन्स फोकस शोधत राहते. पॉवर सेव्ह एक मिनिटावर आणा, एअरप्लेन मोड लावा. आणि एक गंमत बघा: कॅमेरा गळ्यात लटकवून चाला आणि मध्येच खाली नजर टाका. व्ह्यूफाइंडरजवळचा सेन्सर तुमच्या शर्टालाच डोळा समजतो आणि व्ह्यूफाइंडर पेटवतो. चालताना सरळ स्विच बंद करायची सवय लावा.

प्रतिसाद ३

प्रतिसाद २ला +१. खरेदीचं म्हणाल तर माझं मत: एक ओरिजिनल, एक नाव असलेल्या कंपनीची साधी. तेवढ्याच आकाराच्या खोक्यात दीडपट क्षमता छापलेली असेल तर ती घेऊच नका. ओरिजिनलही नकली मिळते, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. नव्या आल्या की त्यांच्यावर क्रमांक टाका आणि घरीच एकेक पूर्ण वापरून बघा. कोणती किती तास चालली ते तिच्यावरच चिकटपट्टी लावून लिहा.

थंडीत बॅटरी संपल्यासारखी वाटते, पण बऱ्याचदा संपलेली नसते. आतला रोध वाढतो, व्होल्टेज पडतं, कॅमेरा बंद होतो. जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाशी ठेवा, रात्री पांघरुणात घ्या. कॅमेऱ्यातली मेली की खिशातल्या ऊबदार बॅटरीशी अदलाबदल करा. गरम झाल्यावर ती आणखी बरेच फोटो देते. तीच युक्ती पॉवर बँकेलाही. आणि गोठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, आधी ऊब येऊ द्या.

विमानाने जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत, टोकं झाकून.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल प्री-एएफ बंद केलं, पॉवर सेव्ह एक मिनिटावर आणलं आणि खिडकीत बसून ओरिजिनल संपवली. २७० फोटो, तेही निम्मा वेळ नुसतं बघण्यात गेलेला असताना. शर्टाचंही खरं निघालं, खाली बघितलं तर व्ह्यूफाइंडर लुकलुकत होता. 😅 आता एक ओरिजिनल, एक साधी आणि बाहेरचा चार्जर, असं ठरवलंय.

एक राहिलं. ती फुगलेली अजून कपाटात पडून आहे. कचऱ्यात टाकू का? आणि परत आल्यावर या तिन्ही पूर्ण चार्ज करून ठेवू की रिकाम्या?

प्रतिसाद ३

कचऱ्यात अजिबात नाही! दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेते. टोकांवर चिकटपट्टी लावून, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि पहिल्या संधीला ई-कचरा संकलनात द्या. फुगलेली आहे हे सांगून द्या. बाकीच्या तिन्ही साधारण निम्म्या चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवा, कॅमेऱ्यातून काढून.